आधी उतार, मग अवजार

उन्हाळ कांदा चाळीत गेला, द्राक्षबागेची खरड छाटणी आटोपली, की आपल्या नाशिक जिल्ह्यात वस्तीपुढचं आवार नीट करण्याचं काम हमखास निघतं. कुणाला चाळीपुढं ट्रक वळवायला जागा हवी असते. कुणाच्या घरी कार्य असतं, मांडव घालायचा असतो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, तेव्हापासून कुणी शहरातल्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधतो आणि खोल्यांपुढं हिरवळ करायचं मनात घेतो. पूर्वी हे काम बैलाच्या केणीनं, नाहीतर घमेलं-फावड्यानं व्हायचं, आठ-आठ दिवस चालायचं. आता बागेसाठी घेतलेला छोटा ट्रॅक्टर दारात उभाच असतो. त्यामुळं गावात गेलं की पहिला प्रश्न येतो, "रावसाहेब, लेव्हल करायचीय, याच्यामागं काय घेऊ?"

प्रश्न वावगा नाही. पण खरं म्हणजे तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की या आवारात पडणारं पाणी जाणार कुठं? तो कुणी विचारत नाही आणि आम्ही विस्ताराचं काम करणारेही विचारत नाही. आज लिहायला बसलो ते याचसाठी.

निफाड तालुक्यातल्या एका नानांचं आवार मी मागं एका मे महिन्यात पाहिलं होतं. त्यांनी नवं ब्लेड घेतलं होतं. पोरगा हुशार, चार दिवस खपून त्यानं दहा-बारा गुंठे जागा कॅरमच्या बोर्डासारखी सपाट केली. कुठं उंचवटा नाही, खड्डा नाही. मीही तोंड भरून कौतुक केलं. चहा घेतला आणि पुढच्या गावाला निघालो. जूनमध्ये वळवाचा एक जोराचा पाऊस झाला आणि पाणी जागच्या जागी थांबलं. जायला वाटच नव्हती. दोन दिवस चाळीच्या बुडाशी तळं साचून राहिलं. पुढं चाळीच्या त्या बाजूचा कांदा खालून सडत गेला. नंतर भेटलो तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "ब्लेड भारी निघालं रावसाहेब, पण अंगण बुडालं ना." त्यांनी मला दोष दिला नाही. पण मे महिन्यात मी एक शब्द बोललो असतो तर तो कांदा वाचला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

एका गुंठ्यावर हजार लिटर

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण हजार लिटर पाणी होतं. आवार दहा गुंठ्यांचं आणि पाऊस ५० मिलिमीटरचा असेल, तर पन्नास हजार लिटर झालं. म्हणजे पाच हजार लिटरचे दहा टँकर तुमच्या दारात एका दुपारी रिकामे झाले असं समजा. घराच्या आणि चाळीच्या पत्र्यावरचं पाणीही त्याच आवारात उतरतं. सिन्नर, येवला, नांदगावकडं पाऊस कमी, म्हणून तिकडचे लोक निर्धास्त असतात. पण वर्षाचा पाऊस कमी असला तरी वळवाची एक सर कमी नसते. इगतपुरीकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, तो घर बांधतानाच पाण्याची वाट काढतो.

त्यातून आपली पूर्वेकडची जमीन बव्हंशी काळी. ती पाणी सावकाश जिरवते, फुगते, वाळली की भेगाळते. अशा जमिनीत सपाट आवार म्हणजे चिखलाचं आमंत्रण. म्हणून शब्दच बदलायला हवा. आपल्याला आवार 'लेव्हल' करायचं नसतं, त्याला एकसारखा उतार द्यायचा असतो. मातीच्या किंवा मुरमाच्या आवाराला १०० फुटांत दीड ते दोन फूट उतार पुरतो. चालताना तो जाणवतही नाही, ट्रकलाही त्रास होत नाही, पण पाण्याला कळतो. घराच्या आणि चाळीच्या भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत मात्र सहा इंच उतार हवाच, तोही बाहेरच्या बाजूला. आणि शेवटी चारी पाहिजे. उतार दिला आणि चारी नाही, तर पाणी शेजाऱ्याच्या वावरात जाईल आणि पुढचं भांडण बांधावर होईल.

हा उतार डोळ्यांनी ठरत नाही. गवंड्याकडं असते ती पारदर्शक पाणसळ नळी घ्या, नाहीतर पाणलोटाच्या कामात वापरतात तो हायड्रोमार्कर. दोन माणसं, आठ-दहा खुंट्या आणि सुतळी. अर्ध्या दिवसाचं काम, खर्च जवळजवळ नाही. हे केल्याशिवाय ट्रॅक्टरची किल्ली फिरवू नये.

माती किती हलवायची?

यानंतरचा हिशेब मातीचा. समजा, दहा गुंठ्यांत सरासरी सहा इंच माती हलवायची आहे. ती होते सुमारे ५,४०० घनफूट, म्हणजे ५४ ब्रास. एक ब्रास सुटी माती चार टनांच्या पुढं भरते. छोट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टन-सव्वा टन, फार तर दीड टन टाकता येतं. म्हणजे एका ब्रासला तीन खेपा धरल्या तरी दीडशेच्या वर खेपा झाल्या. डिझेल, क्लच आणि माणसाची कंबर, तिन्ही त्यात गेली. एवढं काम असेल तर सरळ जेसीबी तासावर बोलवा, मोठी खोदाई-भराई त्याच्याकडून करून घ्या. छोट्या ट्रॅक्टरचं काम त्यानंतरचं. राहिलेले चढउतार मोडायचे, मुरूम पसरायचा, उतार नेमका करायचा आणि दर पावसाळ्यानंतर पडलेल्या घळी बुजवायच्या. ज्याचं काम त्याला द्यावं. बैलाकडून हत्तीचं काम घेऊ नये आणि दोन फावडी मातीसाठी हत्ती बोलवू नये.

बाहेरून मुरूम आणणार असाल तर तो गौण खनिजात मोडतो. त्याला तहसील कार्यालयाची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. रात्रीत चार ट्रॉल्या आणल्या म्हणजे झालं, असं समजू नका. दंड मुरमाच्या किमतीपेक्षा जड जातो.

आता अवजारांकडं वळू

आपल्याकडं बागेत चालणारे ट्रॅक्टर बहुतेक १५ ते २५ अश्वशक्तीचे. वजन साधारण पाऊण ते एक टन, लिफ्टची ताकद बहुतेकांत ७५० किलोच्या आसपास. नऊ-दहा फुटांच्या ओळीत फिरता यावं म्हणून ते अरुंद केलेले असतात. ही त्यांची बागेतली सोय, पण आवारात तीच मर्यादा. हे ध्यानात ठेवून एकेक अवजार बघू.

पहिलं मोगडा, म्हणजे कल्टिव्हेटर. आश्चर्य वाटेल, पण आवार नीट करताना सगळ्यात आधी तोच लागतो. वर्षानुवर्षं तुडवलेली जमीन दगडासारखी असते. तिच्यावर हलकं ब्लेड नुसतं घसरतं. पाच दातांच्या मोगड्यानं उंचवटे आधी उकरून घेतले, तर पुढचं काम निम्मं होतं. तो बहुतेकांच्या घरी असतोच. म्हणजे पहिलं अवजार विकत घ्यायचंच नाही.

दुसरं मागचं ब्लेड. हेच मुख्य. घेताना तीन गोष्टी बघा. एक, रुंदी. ब्लेड मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेर थोडं आलं पाहिजे, नाहीतर केलेल्या कामावरूनच चाक जातं. आणि ब्लेड तिरकं केलं की त्याची रुंदी कमी होते, हे लोक विसरतात. चार फुटांचं ब्लेड तीस अंशांत वळवलं, तर ते साडेतीन फुटांपेक्षा थोडं कमीच काम करतं. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरला चार-साडेचार फूट पुरे. पाच फुटांचं घेतलं आणि ते मातीनं भरलं, की चाकं जागेवर फिरतात. दोन, ते आडवं वळवता येतं का आणि एका बाजूनं खाली झुकवता येतं का. या दोन सोयी नसतील तर चारी काढता येणार नाही, उतार देता येणार नाही. नुसतं सरळ ब्लेड म्हणजे ट्रॅक्टरला बांधलेली फळी. तीन, खालची धार बोल्टानं बसवलेली आहे का. झिजली की बदलता यावी. वेल्डिंग केलेली धार झिजली की अख्खं ब्लेड भंगारात जातं.

तिसरी सुपडी, म्हणजे तीन बाजूंनी बंद असलेला पेटीसारखा लेव्हलर. ब्लेड माती बाजूला सारतं, सुपडी माती उचलून नेते. एका टोकाला उंचवटा आणि दुसऱ्या टोकाला खड्डा असेल, तर सुपडीच कामाची. आपल्याकडं गावोगावचे वेल्डिंगवाले ती बनवून देतात. त्यांना फक्त एवढं सांगा की हे छोट्या ट्रॅक्टरसाठी आहे. पत्रा जाड वापरून त्यांनी ती मजबूत केली, तर भरलेल्या सुपडीला पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

चौथा रोटाव्हेटर. बागेसाठी घेतलेला असतो, म्हणून लोक तोच आवारात फिरवतात. हे टाळावं. एक तर आवारात दगड, विटांचे तुकडे, तारा असतात, पाती मोडतात. दुसरं म्हणजे रोटाव्हेटर मारला की माती फुगते आणि जागा सपाट दिसते. पहिल्या पावसात ती खाली बसते, पण सगळीकडं सारखी बसत नाही. मग डबकी. फक्त जिथं हिरवळ किंवा फुलझाडं लावायची तेवढ्याच वाफ्यात रोटाव्हेटर चालवा.

पाचवा पुढं बसवायचा लोडर. सध्या मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघून तरुण पोरांना त्याची फार ओढ आहे. दिसतो झकास. पण भरलेली बकेट वर गेली की सगळा भार पुढच्या आसावर येतो आणि मागची चाकं हलकी होतात. त्यात ट्रॅक्टर अरुंद. मागं वजन बांधलं नाही आणि उतारावर वळवला, तर कलंडायला वेळ लागत नाही. ट्रॅक्टरच्या कंपनीनं त्या मॉडेलला लोडर चालतो असं लेखी दिलं असेल तरच विचार करा, नाहीतर वॉरंटीही हातची जाते. दहा-वीस गुंठ्यांच्या आवारासाठी लोडर घेणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

सहावा लेझर लेव्हलर. यंत्र उत्तम, पण ते मोठ्या वावरासाठी. त्याला बहुधा पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर लागतो. अंगणासाठी त्याचा विचारही नको.

राहिला रूळ. हा सगळ्यात दुर्लक्षित. भराव टाकायचा तर सहा-सहा इंचांचे थर टाकावेत, हलकं पाणी मारावं आणि प्रत्येक थरावर रूळ फिरवावा. एकदम दोन फूट माती ओतून वरून ब्लेड मारलं, की त्या वर्षी छान दिसतं आणि पुढच्या वर्षी तिथंच ट्रक रुततो.

दुकानात गेल्यावर

अवजार नुसतं बघून घेऊ नका. तुमच्या ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या पिना कोणत्या मापाच्या, ते आधी विचारा. मोठ्या ट्रॅक्टरच्या अवजाराच्या पिना छोट्याला बसत नाहीत. मग वेल्डिंगवाल्याकडं जुगाड होतो आणि ऐन कामात तो तुटतो. लिफ्टला पोझिशन आणि ड्राफ्ट असे दोन कंट्रोल असतील तर ब्लेड चालवताना पोझिशन वापरा. ड्राफ्टवर ठेवलं तर माती कडक लागली की ब्लेड आपोआप वर येतं आणि आवाराला लाटा पडतात. अवजार जोडून, उचलून बघा. पुढची चाकं हलकी वाटली तर पुढं वजनं लावल्याशिवाय ते घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. पक्कं बिल मागा आणि त्यावर किती टक्के लावले ते वाचा.

स्वतःचं की गटाचं?

ब्लेड आणि सुपडी वर्षातून किती दिवस लागते? प्रामाणिकपणे मोजलं तर आठ-दहा दिवस. बाकीचे साडेतीनशे दिवस ती गोठ्यामागं गंजते, कोंबड्या तिच्यावर बसतात. फवारणीचा ब्लोअर ज्याचा त्यालाच हवा, कारण पाऊस झाला की सगळ्यांना एकाच सकाळी फवारायचं असतं. ब्लेडचं तसं नाही. पाच-सहा बागायतदारांनी मिळून एक ब्लेड, एक सुपडी आणि एक रूळ घेतला तर कुणाचंच अडणार नाही. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या 'सह्याद्री'नं शेतकऱ्यांना एकत्र आणून द्राक्षं परदेशी पाठवली. जे गाव एकत्र येऊन कंटेनर भरू शकतं, त्या गावाला एक ब्लेड सामाईक ठेवता येऊ नये? अडचण पैशाची नाही. 'त्यानं मोडलं तर कोण भरणार' ही आहे. त्यावर वहीत चार ओळी लिहून सह्या घ्या, बस.

अनुदानाबद्दलही स्पष्ट बोलतो. कृषी यांत्रिकीकरणाचं केंद्राचं उप-अभियान २०१४-१५ पासून सुरू आहे. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत मदत मिळते. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची. योजना चांगली आहे, कित्येकांचे हात तिनं मोकळे केले. पण अनुदान आहे म्हणून अवजार घेणं ही उलटी वाट झाली. निम्मे पैसे सरकारचे असले तरी निम्मे आपले असतात आणि ते बऱ्याचदा सोसायटीतून उचललेले असतात. आमच्याकडंही किती अवजारं वाटली याचा आकडा विचारला जातो. त्यातली किती चालतात, हा आकडा कुणी मागत नाही. तो मागितला पाहिजे, असं माझं मत आहे. अवजार वाटपाच्या आधी माणसानं एकदा जागेवर जाऊन उभं राहावं, पाणी कुठून कुठं जातं ते बघावं. त्या दिवशी नानांच्या आवारात मी तेवढंच करायला हवं होतं.

हिरवळ आणि झाडं

ज्यांना पाहुण्यांसाठी आवार सजवायचं आहे त्यांना दोनच गोष्टी सांगतो. वरची सहा इंच काळी माती आधी खरवडून एका कोपऱ्यात ढीग लावून ठेवा. सगळा उतार झाला की तीच हिरवळीच्या जागेवर परत पसरा. पहिल्याच दिवशी ती भरावात गाडली तर मुरमावर गवत उगवणार नाही आणि विकतची माती आणावी लागेल. दुसरं, जुन्या कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या बुंध्याला माती चढवू नका. खोड मातीत गाडलं की झाड हळूहळू वाळतं. झाडाभोवती जुनी पातळी तशीच ठेवून कट्टा बांधा. सावली विकत मिळत नाही.

शेवटचं, पण महत्त्वाचं

वावरात ट्रॅक्टर चालतो तेव्हा आजूबाजूला कुणी नसतं. आवारात मात्र पोरं खेळत असतात, म्हातारी माणसं बाजेवर असतात, कुत्री-कोंबड्या फिरत असतात. ब्लेडचं निम्मं काम मागं-पुढं करण्याचं. मागं घेताना एक माणूस खाली उभा हवाच आणि पोरं घरात. विहिरीच्या काठापासून लांब राहा. भराव टाकलेली कड वरून घट्ट दिसते, चाक गेलं की खचते. जुनं खोड उपटायला दोर बांधायचा तर फक्त खालच्या ड्रॉबारला बांधा. वर टॉपलिंकला किंवा आसाला बांधला तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागं उलटतो आणि उडी मारायला वेळ मिळत नाही. शंभर रुपयांच्या सरपणासाठी घरातला माणूस गमावू नये.

आणि घाई करू नका. यंदा पावसाआधी ओबडधोबड उतार काढा, चारी खणा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पावसात छत्री घेऊन अंगणात उभे राहा. पाणी कुठं रेंगाळतं, कुठं धावतं, ते स्वतः दाखवील. तिथं खुंट्या ठोकून ठेवा. दिवाळीनंतर सवड मिळेल तेव्हा मुरूम टाकून शेवटचा हात फिरवा. नानांच्या पोरानं गेल्या वर्षी असंच केलं. ब्लेड तेच, ट्रॅक्टर तोच. फक्त आधी पाणसळ नळी लावली आणि चाळीपासून बांधापर्यंत दीड फुटाचा उतार काढला. पाऊस येऊन गेल्यावर तासाभरात आवार मोकळं. या वेळी चहा घेताना मी सपाटीचं कौतुक केलं नाही. आधी चारी बघून आलो.